साखरेला ‘नाही’ म्हणता न येणारी पेशी

पावसाळा सरला की आभाळ कसं निळंशार होतं! अशा एखाद्या सकाळी सूर्याकडे पाठ करून उभे राहा आणि त्या निळाईकडे अर्धा मिनिट नुसतं बघत राहा. थोड्याच वेळात बारीक, चकाकणारे ठिपके दिसू लागतील. ते ठरावीक वळणावळणाच्या वाटांनी सुळकन जातात, क्षणात नाहीसे होतात, आणि नाडीच्या दर ठोक्याला त्यांचा वेग किंचित वाढतो. हे ठिपके आभाळात नाहीत, हवेतली धूळही नाही. तुमच्याच डोळ्यातल्या, केसाच्या दहाव्या हिश्शाएवढ्या रक्तवाहिन्यांमधून धावणाऱ्या पांढऱ्या पेशी तुम्ही पाहत आहात. जिवंत, आत्ताच्या आत्ता, कुठल्याही सूक्ष्मदर्शकाशिवाय!

हे कसं शक्य आहे? तांबड्या पेशी निळा प्रकाश शोषून घेतात, म्हणून या वाहिन्यांची सावली डोळ्याच्या पडद्यावर सतत पडलेली असते. मेंदूला तिची इतकी सवय असते की तो ती गाळूनच टाकतो. पांढरी पेशी मात्र निळा प्रकाश आरपार जाऊ देते. ती आली की सावलीत एक उजळ फट सरकत जाते, आणि तेवढी मेंदूच्या नजरेत भरते. आणखी एक गंमत बघा. नजर जिथे रोखली असेल, तिथे अगदी मधोमध एकही ठिपका दिसत नाही. पडद्याच्या केंद्रात सुमारे अर्धा मिलिमीटर रुंदीची जागा अशी आहे की तिथे एकही रक्तवाहिनी नाही. जिथून सर्वांत स्पष्ट बघायचं, तिथे आड येणारं काही नको!

या वाहिन्यांच्या भिंती ज्या पेशींच्या बनतात, त्या पेशींवर वाढलेली साखर काय परिणाम करते हे आज बघू. त्यासाठी आधी त्या कुठे राहतात ते बघायला हवं.

डोळ्याचा पडदा, म्हणजे रेटिना, जेमतेम पाव मिलिमीटर जाड असतो. एवढ्याशा थरात प्रकाश टिपणाऱ्या बारा कोटींच्या आसपास पेशी, त्यांच्याकडून निरोप घेणाऱ्या पेशी, आणि तो निरोप निवडून-पाखडून मेंदूकडे धाडणाऱ्या पेशी, असा सगळा संसार मांडलेला असतो. वजनाच्या मानाने पाहिलं तर शरीरातल्या सर्वांत खादाड अवयवांत त्याचा नंबर वरचा लागतो. आणि चक्रावून टाकणारी गोष्ट अशी की प्रकाश टिपणाऱ्या या पेशी उजेडापेक्षा अंधारात जास्त ऑक्सिजन वापरतात. अंधारात त्यांच्या अंगावरची दारं उघडी राहतात, सोडियम आत येत राहतो, आणि तो उपसून बाहेर टाकण्यात त्यांची बरीच शक्ती खर्च होते. तुम्ही गाढ झोपलेले असता तेव्हा तुमचा डोळा राबत असतो!

आता अडचण लक्षात घ्या. इतक्या भुकेल्या अवयवाला रक्त भरपूर हवं. पण रक्तातून आरपार दिसत नाही, आणि या वाहिन्या पडद्याच्या पुढच्या अंगाला, प्रकाशाच्या वाटेतच पसरलेल्या. जास्त घातल्या तर दिसायचं नाही, कमी घातल्या तर पेशी उपाशी मरायच्या. निसर्गाने काढलेला तोडगा अफाट आहे. प्रकाश टिपणाऱ्या पेशींना पडद्यामागच्या वेगळ्या रक्तपुरवठ्यावर सोपवलं, आणि पुढच्या भागासाठी विरळ पण अतिशय बारीक केशवाहिन्यांचं जाळं विणलं. इतकं बारीक, की सात-आठ मायक्रॉनच्या तांबड्या पेशीला अंग चोरून, दुमडून, एकेक करत पुढे सरकावं लागतं. एक वाहिनी बंद पडली तर तिचं काम सहज उचलेल अशी जादा वाहिनी शेजारी नसते. इथे हातचं राखून काहीच ठेवलेलं नाही.

आणि या केशवाहिनीची भिंत किती जाड? एका पेशीएवढी. एक चपटी पेशी स्वतःला गुंडाळून घेते, कडेला कड भिडवते, की नळी तयार! नळीच्या आतलं अस्तर हिचंच, म्हणून हिला आपण अस्तरपेशी म्हणू. डॉक्टर तिला एंडोथेलियल पेशी म्हणतात. रेटिनातल्या अस्तरपेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की रक्तातली प्रथिनं, जंतू, बरीचशी औषधं यांना पडद्यात शिरताच येत नाही. असा कडेकोट बंदोबस्त शरीरात मोजक्याच ठिकाणी, मुख्यतः मेंदूत, दिसतो. त्यात नवल नाही म्हणा, कारण गर्भात रेटिना मेंदूतूनच उगवतो.

नळीच्या बाहेरून आणखी एक पेशी तिला हातांनी कवटाळून बसलेली असते. तिचं नाव पेरिसाइट. १८७० च्या दशकात शार्ल रूजे या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिचं वर्णन करून ठेवलं होतं. ती अस्तरपेशीला आधार देते, तिला वायफळ वाढू देत नाही, आणि दोघींमधल्या पातळ पापुद्र्याला पडलेल्या भोकांतून दोघी एकमेकींना प्रत्यक्ष स्पर्श करून असतात. हातापायांच्या स्नायूंमधल्या केशवाहिन्यांत शंभरेक अस्तरपेशींमागे एखादीच पेरिसाइट सापडते. रेटिनात? जवळपास एकास एक! शरीरात इतका दाट पहारा दुसरीकडे कुठेही नाही.

आता साखरेकडे येऊ. निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी साखर किती असते, सांगा बरं? एक चमचा. शंभर मिलिलिटरमागे शंभर मिलिग्रॅम, आणि रक्त पाच लिटर, म्हणजे सगळी मिळून पाच ग्रॅम. पुरणपोळीचं जेवण झालेलं असो की एकादशीचा कडक उपास असो, शरीर या एका चमच्याच्या आसपासच राहण्याची धडपड करत असतं. ‘शुगर दोनशे आली’ याचा अर्थ दोन चमचे. हे विष नाही, जंतू नाही. रोज आपल्याला जगवणारं हे अन्नच आहे, फक्त एक चमचा जास्त. तेवढ्याने माणसाची नजर जावी?

याचं उत्तर अस्तरपेशीच्या दारात आहे. स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींवरची साखरेची दारं इन्सुलिनचा सांगावा आल्यावरच पुरती उघडतात. अस्तरपेशीवरची दारं मात्र वेगळी. ‘ग्लट-१’ नावाची ही प्रथिनं इन्सुलिनची वाट पाहत नाहीत, ती सदा उघडी. आणि ती तशीच हवीत! उपासाच्या दिवशी इन्सुलिन उतरलेलं असताना रेटिनाला साखर कोण पोचवणार? ही पेशी आपल्या अंगातून साखर पलीकडच्या भुकेल्या पेशींना देत राहते. स्वतःची गरज ती बहुतांशी ऑक्सिजनला हात न लावता भागवते; रक्तातून एवढा ऑक्सिजन अंगाला घासून जात असताना जवळजवळ सगळा पलीकडच्यांसाठी सोडून देते. मला या पेशीबद्दल मोठी माया वाटते. असं देणं शरीरात फार थोड्या पेशींच्या नशिबी आहे.

बाहेर साखर वाढली की अनेक प्रकारच्या पेशी आपल्या दारांची संख्या घटवतात. मोठ्या रक्तवाहिन्यांतल्या स्नायूपेशींना हे नीट जमतं. अस्तरपेशीला जमत नाही. रक्तातली साखर चढली की तिच्या आतली साखरही चढतच जाते. जो गुण रेटिनाला उपाशी राहू देत नाही, तोच तिच्या मुळावर येतो.

पुढे काय होतं? पेशीच्या आत साखर पायरीपायरीने तोडली जाते आणि शेवटी ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांपर्यंत तिचे तुकडे पोचतात. तिथे गर्दी झाली की सुपरऑक्साइड नावाचे तापट रेणू निसटू लागतात. ते पेशीच्या डीएनएला ओरखडे काढतात. ओरखडे दिसताच डीएनएची डागडुजी करणारी यंत्रणा जागी होते, आणि तिच्या त्या भल्या धावपळीतच साखर तोडण्याच्या वाटेवरचं एक महत्त्वाचं एन्झाइम मंदावतं! न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइनस्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमधले मायकेल ब्राउनली आणि त्यांचे सहकारी यांनी २००० सालापासून हे चित्र तुकड्यातुकड्याने जुळवत आणलं. हायवेवर टोलनाका तुंबला की मागच्या गाड्या वाट काढत आजूबाजूच्या गावांच्या गल्ल्यांत शिरतात, आणि ज्या गल्लीत दिवसाला दोन ट्रॅक्टर जायचे तिथे ट्रकांची रांग लागते. अस्तरपेशीत हेच होतं. एक एन्झाइम तुंबलं, आणि अडकलेली साखर व तिचे अर्धवट तुटलेले तुकडे पेशीतल्या आडवाटांना लागले.

एका आडवाटेवर साखरेचं सॉर्बिटॉल बनतं, आणि ते बनवताना नेमका तो ऐवज खर्च होतो ज्याच्या जोरावर पेशी तापट रेणूंना शांत करत असते. दुसऱ्या आडवाटेने वाहिनी आकुंचन पावण्याचे आणि पाझरण्याचे चुकीचे आदेश सुटतात. पण मला सर्वांत थक्क करते ती आणखी एक वाट, कारण ती आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात रोज घडते.

तव्यावरच्या पोळीला तपकिरी डाग का पडतात? परतलेला कांदा खरपूस का होतो? साखर आणि प्रथिनांमधले अमिनो घटक उष्णतेने एकमेकांना चिकटतात म्हणून. १९१२ साली लुई-कामिय माईयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने या क्रियेचं पहिलं वर्णन केलं. तीच क्रिया ३७ अंशांवर, अगदी सावकाश, आपल्या सगळ्यांच्या शरीरात चालू असते! त्यासाठी एन्झाइम लागत नाही, परवानगी लागत नाही. साखर आणि प्रथिन शेजारी आले आणि वेळ मिळाला की झालं. १९६८ साली तेहरानमध्ये सॅम्युएल रहबार यांना मधुमेही रुग्णांच्या रक्तात एक वेगळंच हिमोग्लोबिन वाढलेलं आढळलं. ते साखर चिकटलेलं हिमोग्लोबिन होतं. आज आपण ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणून जी एचबीए१सी तपासणी करतो, ती हेच मोजते. तीनच महिने का? कारण तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि आपला हिशेब घेऊन जाते. पण अस्तरपेशी आणि पेरिसाइट यांच्यामधल्या पापुद्र्यातलं कोलॅजन वर्षानुवर्षं तेच राहतं. तिथला हिशेब पुसला जात नाही. साखर चिकटत जाते, धागे एकमेकांना जखडतात, आणि मूळचा नाजूक पापुद्रा जाड आणि ताठ होत जातो.

हे सगळं होत असताना पहिला बळी कोणाचा जातो, हे कळलं ते एका विलक्षण साध्या युक्तीमुळे. बॉस्टनमध्ये डेव्हिड कोगन आणि तोइचिरो कुवाबारा हे दोघे मरणोत्तर दान मिळालेल्या डोळ्यांतला पडदा ट्रिप्सिनमध्ये ठेवत. ट्रिप्सिन म्हणजे आपल्या आतड्यात प्रथिनं पचवणारा, पाचक रसातला एक घटक. तो पडद्यातल्या चेतापेशी हळूहळू खाऊन टाकी, आणि रक्तवाहिन्यांचं अख्खं जाळं मात्र शिल्लक राही! ते पाण्यावर तरंगत असताना अलगद साफ करायचं, काचेच्या पट्टीवर पसरायचं, रंगवायचं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. निरोगी पडद्यात दोन प्रकारची केंद्रकं ओळीने दिसत: वाहिनीच्या दिशेने लांबट, फिकट ती अस्तरपेशींची, भिंतीवर उठून दिसणारी गोल, गडद ती पेरिसाइटची. १९६१ साली त्यांनी आणि त्यांचे सहकारी तूसाँ यांनी मधुमेही रुग्णांचे पडदे तपासून जे मांडलं ते असं: लांबट केंद्रकं जागेवर होती, गोल केंद्रकं ठिकठिकाणी गायब होती. पापुद्र्यात त्यांच्या आकाराचे रिकामे कप्पे तेवढे उरले होते. पेरिसाइट मरून गेल्या होत्या.

त्या का मरतात? पेरिसाइटला जगत राहण्यासाठी अस्तरपेशीकडून सतत एक रासायनिक निरोप लागतो. २००९ साली बॉस्टनच्याच जॉस्लिन डायबेटिस सेंटरमधल्या शास्त्रज्ञांनी उंदरांवरच्या प्रयोगांत दाखवलं की साखर चढलेली राहिली की पेरिसाइटच्या आत एक प्रथिन वाढतं आणि ते या निरोपाला आतच दाबून टाकतं. निरोप येत असतो, दारापर्यंत पोचतोही, आणि पेरिसाइटला तो ऐकू येत नाही!

पहारेकरी गेल्यावर पुढचा क्रम भराभर सांगता येतो, कारण डॉक्टरांना तो भिंगातून दिसतो. आधार सुटलेली भिंत फुगते आणि टाचणीच्या टोकाहून बारीक लाल ठिपके उमटतात. अस्तरपेशींचे टाके उसवतात, रक्तातलं पाणी आणि चरबी पाझरते, पडद्याला सूज येते आणि पिवळे कण साचतात. आभाळाकडे बघताना दिसणाऱ्या त्या पांढऱ्या पेशी आता अस्तराला चिकटून बसू लागतात आणि आधीच अरुंद असलेली वाट अडवतात. शेवटी अस्तरपेशीही मरतात आणि मागे नुसती रिकामी नळी उरते, जिच्यातून रक्त वाहत नाही.

आणि इतकं घडून गेलं तरी माणूस तक्त्यावरची शेवटची ओळ वाचतो! मधला अर्धा मिलिमीटर शाबूत आहे तोवर दृष्टी ६/६. दुखत नाही, खुपत नाही, लालही होत नाही. चष्म्याचा नंबर तपासून ‘डोळे एकदम छान’ असं ऐकून घरी आलेल्या कितीतरी जणांच्या पडद्यावर हे ठिपके असतात. हा आजार इतका मुका असावा, याची मला मनापासून चीड येते.

रक्त न पोचलेला पडदा मात्र गप्प बसत नाही. १९४८ साली नेत्रतज्ज्ञ आयझॅक मायकेलसन यांनी तर्क केला होता की गुदमरलेला पडदा ‘नव्या वाहिन्या पाठवा’ असं सांगणारं काहीतरी रसायन सोडत असला पाहिजे. ते रसायन मधुमेही रुग्णांच्या डोळ्यातल्या द्रवात प्रत्यक्ष मोजलं गेलं ते १९९४ साली. त्याचं नाव व्हीईजीएफ. आईच्या पोटात असताना आपल्या रक्तवाहिन्या याच रेणूने घडवल्या, जखम भरून येताना नवी वाहिनीही तोच उगवून आणतो. पण डोळ्यात त्याच्या हाकेला ओ देऊन येणाऱ्या वाहिन्या घाईघाईने बनलेल्या, गळक्या आणि ठिसूळ असतात. त्या भलतीकडे, डोळ्यातल्या पारदर्शक गराकडे वाढतात, फुटतात, आणि एका सकाळी डोळ्यासमोर काळ्या जाळ्या उतरतात. ‘पडद्यात रक्त आलंय’ असं डॉक्टर सांगतात ते हे.

याच्यावरचे उपायही तितकेच अचंबित करणारे आहेत. लेसरने पडद्याच्या कडेच्या भागावर शेकडो बारीक चटके दिले जातात. डोळा वाचवायला डोळ्यालाच भाजायचं? हो, कारण भाजलेल्या जागेतली ऑक्सिजनची मागणी संपते आणि उरलेल्या पडद्याला पुरवठा पुरतो. १९७० च्या दशकात अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीत या उपायाने गंभीर अंधत्वाचा धोका निम्म्याहून कमी झाला. पडद्याची सूज उतरवायला डोळ्यात देतात त्या इंजेक्शनांपैकी एक औषध, बेव्हासिझुमॅब, मुळात २००४ साली आतड्याच्या कर्करोगासाठी आलं होतं. ते व्हीईजीएफला पकडून ठेवतं. डोळ्यात त्याचा डोस सव्वा मिलिग्रॅम, एका थेंबाएवढ्या द्रवात.

पण या पेशींची सर्वांत अजब गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. त्यांना आठवण असते. १९८७ साली विस्कॉन्सिनमधल्या एंगरमन आणि कर्न या शास्त्रज्ञांनी मधुमेह झालेल्या कुत्र्यांची साखर अडीच वर्षं चढलेली राहू दिली, आणि पुढची अडीच वर्षं ती उत्तम ताब्यात ठेवली. साखर सुधारली त्या वेळी पडदे जवळपास स्वच्छ होते. तरीही पुढच्या अडीच वर्षांत ते बिघडले! माणसांतही असंच दिसलं. अमेरिका आणि कॅनडात टाइप-१ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवर १९८३ ते १९९३ अशी चाचणी झाली. ज्यांनी साखर काटेकोर सांभाळली, त्यांच्यात पडद्याचा आजार नव्याने सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. चाचणी संपल्यावर दोन्ही गटांची साखर जवळपास सारखी झाली, पण डोळ्यांतला फरक त्यानंतरही वर्षानुवर्षं टिकून राहिला. हे पेशी लिहून कुठे ठेवते? २००८ साली मेलबर्नमधल्या शास्त्रज्ञांनी अस्तरपेशींना फक्त सोळा तास जास्त साखरेत ठेवलं आणि परत साध्या साखरेत आणलं. डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांच्यावर उमटलेल्या रासायनिक खुणा सहा दिवसांनंतरही तशाच होत्या. सोळा तास!

म्हणून सुरुवातीची वर्षं लाखमोलाची. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. तुमच्या घरात नाही तर शेजारी नक्की कुणीतरी असेल. त्यांना सांगा: टाइप-२ मधुमेहाचं निदान झालं की लगेच, आणि पुढे किमान वर्षातून एकदा, डोळ्यात थेंब घालून, बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. टाइप-१ असेल तर निदानानंतर पाच वर्षांच्या आत ही तपासणी सुरू व्हायला हवी. मधुमेही बाईला दिवस राहिले असतील तर तिने पहिल्या तीन महिन्यांतच डोळे दाखवावेत. फार वर्षं चढलेली साखर झपाट्याने उतरवली तर काहींच्या पडद्याचा आजार मध्येच थोडा वाढतो, म्हणून औषधं बदलण्याआधी पडद्याची स्थिती डॉक्टरांना माहीत असलेली बरी. नुसत्या चष्म्याच्या नंबरावर समाधान मानू नका. थेंबांमुळे काही तास अंधूक दिसतं, त्या दिवशी गाडी चालवू नका. सोबत कुणाला तरी घेऊन जा.